केनिया, पूर्व आफ्रिकी समुदाय आणि दर जूनला निघणारं राजपत्र

नाकेबंद

"आफ्रिकेतले सामायिक बाजार म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी हातात हात घालून फोटो काढण्यापुरते," असं परवा दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं. तिथे भांडत बसलो असतो तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी केनियात सात वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम केलं. अर्थशास्त्र माझा प्रांत नव्हे. कागद कुठे अडतो आणि का अडतो, एवढं मात्र पाठ आहे.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा पहिला पूर्व आफ्रिकी समुदाय १९६७ साली उभा राहिला आणि १९७७ साली मोडला. विमानकंपनी एक, रेल्वे एक, बंदरं एक, अशी एकत्र कुटुंबाची मालमत्ता होती. वाटण्या व्हायला वर्षं गेली. टांझानियाने तर केनियाची सीमा १९८३ पर्यंत बंदच ठेवली. दुसरा डाव ३० नोव्हेंबर १९९९ च्या करारानं मांडला. मुख्यालय टांझानियातल्या आरुशाला. पुढे रवांडा आणि बुरुंडी आले, मग दक्षिण सुदान, २०२२ साली काँगो, शेवटी सोमालिया. सध्या आठ सभासद.

शब्द दिलेत ते चार पायऱ्यांचे: सीमाशुल्क संघ (२००५ पासून), सामायिक बाजारपेठ (२०१० पासून), एक चलन, आणि सगळ्यात शेवटी राजकीय संघराज्य. चौथीबद्दल बोलायची वेळ आपल्या हयातीत येईल असं वाटत नाही, म्हणून सोडून देतो.

केनियानं यातलं काय केलं? रस्त्यावर पाहिलं तर पुष्कळ. २०१४ च्या आधी मोम्बासा बंदरातून युगांडाच्या कंपालाला कंटेनर न्यायचा म्हणजे अठरा दिवस धरायचे. बंदरात एकदा कागद, मालाबाच्या सीमेवर केनियाच्या बाजूला पुन्हा कागद, शंभर पावलांवर युगांडाच्या बाजूला तिसऱ्यांदा. ड्रायव्हर ट्रेलरखाली कोळशाची शेगडी पेटवून संसार मांडायचे. मग 'सिंगल कस्टम्स टेरिटरी' आली. युगांडाचे कर अधिकारी मोम्बासातच येऊन बसले, माल बंदरात असतानाच कर भरायचा, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावायचं आणि निघायचं. अठराचे चार दिवस झाले. रवांडातल्या किगालीचे एकवीस होते, ते सहावर आले. हे फोटोपुरतं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग बुसिया, मालाबा, नामांगा, तावेता इथे एकाच छताखालचे नाके झाले. दोन्ही देशांचे अधिकारी एका इमारतीत. गाडी स्वतःच्या देशाच्या बाजूला थांबतच नाही, थेट पलीकडच्या इमारतीत जाते आणि निर्गमन-आगमन दोन्ही शिक्के तिथेच घेते.

आता दुसरी बाजू. सीमाशुल्क संघ म्हणजे बाहेरच्या मालाला सगळ्यांनी सारखाच दर लावायचा. कच्च्या मालाला ०, अर्धवट तयार मालाला १०, तयार मालाला २५ टक्के; जुलै २०२२ पासून त्यावर ३५ टक्क्यांची चौथी पायरी. शिवाय साखर, तांदूळ, दूध, मका अशा नाजूक वस्तूंना त्याहून चढे दर. कागदावर चोख. पण दरवर्षी ३० जूनच्या आसपास समुदायाचं राजपत्र निघतं आणि त्यात प्रत्येक देशाची एक यादी असते: अमुक वस्तूला आम्ही एक वर्षासाठी सामायिक दर लावणार नाही, आमचा वेगळा लावू. याला म्हणतात 'स्टे ऑफ अॅप्लिकेशन', थोडक्यात स्थगिती. गव्हाचा सामायिक दर ३५ टक्के, केनिया लावतो १०. तांदळाचा ७५, केनिया लावतो ३५. एक वर्षासाठी. गेली कित्येक वर्षं, एक वर्षासाठी.

करार मोडला असं कुणालाच म्हणता येत नाही, कारण स्थगिती करारातच बसते. म्हणून माझं म्हणणं असं की केनियाची प्रगती मोजायची तर सह्या किती झाल्या ते मोजू नका, जूनचं राजपत्र किती पानांनी बारीक झालं ते मोजा. ते बारीक होताना मी पाहिलेलं नाही.

पडवीत

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: तांदळावर केनियानं कमी दर लावला तर कुणाचं काय बिघडलं? ग्राहकाला स्वस्तच मिळतो ना?

अर्थात्

पडवीत, प्रश्न बाळबोध नाही, सगळी गोम तिथेच आहे.

केनियात म्वेआ भागात चांगला तांदूळ होतो, पण देशाची भूक त्यानं भागत नाही. बाकीचा बाहेरून येतो, त्यात पाकिस्तानचा मोठा वाटा. टांझानियात मात्र तांदूळ मुबलक, म्बेयाकडचा तर नावाजलेला. टांझानियाच्या शेतकऱ्याला २००५ मध्ये सांगितलं गेलं की शेजारची बाजारपेठ तुला शुल्कमुक्त, आणि बाहेरच्याला ७५ टक्क्यांची भिंत. तो शुल्कमुक्त आहेच, पण भिंत ७५ ची ३५ केली. म्हणजे त्याला दिलेला फायदा निम्म्याहून अधिक काढून घेतला आणि त्याच्या मालाला हातही लावला नाही.

नैरोबीच्या बाजूनंही बघा. ७५ टक्के लावून शहरातल्या गरिबाचं ताट महाग करायचं, तेही शेजारच्या देशाच्या शेतकऱ्यासाठी, हे कोणता अर्थमंत्री निवडणुकीच्या तोंडावर करेल? म्हणून मी केनियाला खोटारडा म्हणणार नाही. दरच चुकीचा ठरला होता. पण चुकीचा दर सगळ्यांनी बसून बदलायचा असतो. प्रत्येकानं आपापली पळवाट काढली तर संघ कसला?

या पळवाटा उलटतातही. केनियाच्या मिठाई-चॉकलेट कारखान्यांना औद्योगिक साखर सवलतीच्या शुल्कात आणता येते. २०१८ साली टांझानिया आणि युगांडा म्हणाले, तुमच्या गोळ्या सवलतीच्या साखरेच्या, त्या आम्ही 'आपल्या' मानणार नाही, भरा २५ टक्के. मग संयुक्त पथकं, कारखान्यांना भेटी, पडताळणी. तोवर ऑर्डरी गेल्या. एकाची स्थगिती दुसऱ्याच्या संशयाचं खाद्य होते.

रिकामा_कंटेनर

केनियालाच का झोडताय सगळे? ऑक्टोबर २०१७ मध्ये केनियातून नेलेली ६,४०० कोंबडीची पिल्लं टांझानियानं नामांगाला जिवंत जाळली. जिवंत! कारण काय तर बर्ड फ्लूचा धोका. रवांडानं २०१९ च्या फेब्रुवारीत युगांडाची गातुनाची सीमा बंद केली ती जानेवारी २०२२ अखेर उघडली. आणि २०२५ च्या जुलैत टांझानियानं परदेशी लोकांना सलून, मोबाइल मनी, पर्यटक मार्गदर्शन असे पंधरा छोटे धंदे करायलाच बंदी घातली, त्यात केनियाचे लोकही आले. सामायिक बाजारपेठेत शेजारी 'परदेशी'! केनिया या सगळ्यांपेक्षा शंभर पटीनं बरा.

नाकेबंद

रिकामा_कंटेनर, एकदम मान्य. माणसांच्या येण्याजाण्यात केनिया उजवाच आहे. युगांडा-रवांडाच्या नागरिकाला साध्या ओळखपत्रावर प्रवेश, समुदायातल्या लोकांना कामाचा परवाना विनाशुल्क. मी धागा केनियावर काढला कारण मला केनिया माहीत आहे आणि या समुदायात सर्वात मोठा दुकानदार तोच. दुकानदारानंच वजनात हात मारला की बाकीच्यांना निमित्त मिळतं. २०२० च्या जानेवारीत केनियात युगांडाचं दूध जप्त झालं, २०२१ च्या सुरुवातीला कोंबड्या बंद, मग मका. हे सगळं एकाच गिऱ्हाइकाशी, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे केनियाच्या निर्यातीची सर्वात मोठी बाजारपेठ.

धान्यकीड

मक्याबद्दल मी बोलणार, माझं आयुष्य धान्य तपासण्यात गेलंय.

५ मार्च २०२१ रोजी केनियाच्या कृषी-अन्न प्राधिकरणानं सीमाशुल्क खात्याला पत्र लिहिलं: युगांडा आणि टांझानियाच्या मक्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) सापडलं, आयात ताबडतोब थांबवा. ट्रक सीमेवर उभे राहिले. पाच दिवसांनी बंदी उठली, अटींवर: आयातदाराची नोंदणी, उद्गमाचा दाखला (माल कुठल्या देशातला ते सांगणारा), आणि अफ्लाटॉक्सिन दर अब्ज भागांत दहाच्या खाली असल्याचं प्रमाणपत्र.

इथे बरेच जण "व्यापारी अडवणूक" म्हणून मोकळे होतात. जरा थांबा. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात बुरशी लागलेला मका खाऊन १२५ माणसं दगावली. यकृत निकामी होऊन. त्या देशातला आरोग्य अधिकारी अफ्लाटॉक्सिन शब्दाला घाबरला तर मी त्याला हसणार नाही. पण तो मका केनियाचाच होता, आसपासच्या शेतांतला. बुरशीला सीमा कळत नाही.

खरी अडचण नमुन्याची आहे, आणि ती कुणाच्या भाषणात येत नाही. अफ्लाटॉक्सिन ट्रकभर सारखं पसरलेलं नसतं. एक पोतं स्वच्छ, शेजारचं विषारी. पोत्यातही दहा-वीस दाणे खराब, बाकी उत्तम. नमुना घेणाऱ्यानं वरच्या चार पोत्यांत बंबी (धान्य काढायची टोकदार, पोकळ नळी) खुपसून मूठभर मका काढला तर निकाल म्हणजे सोडतच. कंपालाची प्रयोगशाळा 'पास' म्हणते, नैरोबीची 'नापास', आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. मर्यादा दोन्हीकडे तीच, मानकं एकत्र बसून ठरवलेली. पण नमुना किती पोत्यांतून, किती किलोचा, कसा दळून घ्यायचा यात शिस्त नसेल आणि एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्यानं मानायचं नसेल तर एकच मानक असून उपयोग शून्य. पत्र काढायला एक दुपार लागते. शंभर पोत्यांतून नीट नमुना घ्यायला माणसं, दळणयंत्र, पैसे लागतात.

पडवीत

बंबी! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

सावलीची_बाजू

धागा सगळा ट्रकांचा झालाय, म्हणून लिहिते. मी एका अभ्यासगटाबरोबर बुसियाला तीन महिने होते, पायी सीमा ओलांडून व्यापार करणाऱ्या बायकांशी बोलायला.

बुसिया गंमतशीर गाव आहे, अर्धं केनियात, अर्धं युगांडात. पूर्व आफ्रिकाभर ज्याला बोडा-बोडा म्हणतात ती दुचाकी टॅक्सी या पट्ट्यातलीच. दोन चौक्यांमधलं अंतर चालवत नसे, तेव्हा सायकलवाले "बॉर्डर, बॉर्डर" ओरडून गिऱ्हाईक मागे बसवायचे, त्याचं झालं बोडा-बोडा.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी समुदायानं खरंच चांगली सोय केली आहे. २,००० डॉलरपर्यंतचा माल, यादीतली वस्तू, तर नाक्यावरच एक सोपा उद्गम-दाखला भरून मिळतो, शुल्क शून्य. एजंट लागत नाही. तरी रोज शेकडो बायका 'पान्या' वाटेनं जातात. पान्या म्हणजे स्वाहिलीत उंदीर. झाडीतून, लोकांच्या परसातून जाणाऱ्या उंदरांच्या वाटा.

टोमॅटोची टोपली डोक्यावर घेऊन अशाच वाटेनं जाणाऱ्या एकीला मी विचारलं, शुल्क नाही तर नाक्यावरून का जात नाही? ती म्हणाली, "शुल्क नाही हे मला माहीत आहे. पण आत गेलं की ते विचारतात पिकाच्या आरोग्याचा दाखला कुठे. तो काढायला जायचं म्हणजे अर्धा दिवस. टोमॅटो अर्धा दिवस थांबत नाहीत." पान्या वाटेवर एक पोरगा बसतो, त्याला नाणं टेकवलं की झालं. त्या पोराला ठरलेला भाव आहे, आणि तो दाखला मागत नाही.

शिवाय ती नवी इमारत बांधली आहे ट्रकच्या मापानं. पायी येणाऱ्याला केवढा वळसा! काचेचं दार, आत रांगा, गणवेशातले पुरुष. सामायिक बाजारपेठेत त्या बाईची नोंदच होत नाही. ती चोरटा व्यापार म्हणून धरली जाते, किंवा धरलीच जात नाही.

अर्थात्

ताई, फार नेमकं लिहिलंत. समुदायाचं सचिवालय आणि जागतिक बँकेनं २०१४ आणि २०१६ साली सामायिक बाजारपेठेची गुणपत्रिका काढली होती. तिच्यात मुख्यतः कायदे आणि नियम तपासले होते. कायद्यात त्या टोमॅटोवाल्या बाई पूर्ण मोकळ्या आहेत. गुणपत्रिकेत त्या पास.

पडवीत

आणि एक चलनाचं काय? कुठेतरी २०२४ वाचल्याचं आठवतंय.

अर्थात्

२०१३ च्या नोव्हेंबरात सह्या झाल्या तेव्हा २०२४ ठरलं होतं. आता २०३१ म्हणतात.

निकष चार: महागाई ८ टक्क्यांच्या आत, अर्थसंकल्पी तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ३ टक्क्यांच्या आत, सरकारी कर्ज वर्तमान मूल्यानं ५० टक्क्यांच्या आत, आणि साडेचार महिन्यांच्या आयातीपुरती परकीय गंगाजळी. केनियाला महागाई आणि गंगाजळी बहुतेक वेळा जमते, कधी काठावर, कधी आरामात. तूट आणि कर्ज जमत नाही. २०२३ साली केनियानं स्वतःच्या कायद्यात कर्जाची मर्यादा बदलली: पूर्वी दहा लाख कोटी शिलिंग असा ठोक आकडा होता, तो काढून उत्पन्नाच्या ५५ टक्के केली. लक्षात आलं का? शेजाऱ्यांना ५० चा शब्द दिलेला, आणि घरात कायदा केला ५५ चा. त्यातही प्रत्यक्ष कर्ज ५५ च्या वर.

तूट कमी करायची तर कर वाढवायचे किंवा खर्च कापायचा. २०२४ च्या जूनमध्ये कर वाढवणारं वित्त विधेयक आणलं तेव्हा तरुण पोरं रस्त्यावर उतरली, २५ तारखेला संसदेत घुसली, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. आता सांगा, ३ टक्क्यांचा शब्द आरुशाला दिलाय म्हणून नैरोबीत कोण लाठ्या खाईल?

रिकामा_कंटेनर

अवांतर, पण तेलाचं विसरू नका. केनियानं २०२३ ला आखाती कंपन्यांशी सरकार-ते-सरकार उधारीवर इंधन घ्यायचा करार केला. युगांडाचं इंधन केनियाच्या व्यापाऱ्यांमार्फतच जायचं. युगांडा म्हणाला दलाल नको, आमची राष्ट्रीय तेल कंपनी थेट आणेल. केनिया तिला परवाना देईना. शेवटी युगांडा आरुशाच्या पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेला. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि परवाना मिळाला. (म्हणजे मीही केनियाला झोडू शकतो, नाकेबंद!)

नाकेबंद

झोडा, झोडा. पण यात मला आशाच दिसते. १९७७ साली भांडण झालं तेव्हा सीमा बंद झाली. या वेळी वकील गेले आणि पाइपलाइन चालू राहिली.

युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार कराराचंही असंच. बाकीचे त्या वेळचे सभासद अल्पविकसित देशांत मोडतात, त्यांना युरोपात तसाही शुल्कमुक्त प्रवेश. केनिया त्या यादीत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात वाटाघाटी लांबल्या तेव्हा केनियाच्या फुलांवर तीन महिने शुल्क बसलं. समुदायानं एकत्र सही करायची होती, टांझानिया तयार होईना, आणि शेवटी केनियानं एकट्यानंच करार केला, जुलै २०२४ पासून लागू. एकीचा नियम मोडला का? मोडला. केनियातल्या नैवाशाच्या गुलाबवाल्यांनी बाकीच्यांची वाट पाहत बसायचं होतं का? माझ्याकडे उत्तर नाही.

सावलीची_बाजू

भांडवलाला मात्र कुणी अडवत नाही. केनियाच्या बँका काँगो सभासद व्हायच्या आधीच तिथल्या बँका विकत घेऊ लागल्या होत्या. बँक किन्शासाला पोहोचली, टोमॅटो अजून परसातून चाललेत.

पडवीत

नाकेबंद, पहिल्या पोस्टमध्ये म्हणालात "कागद कुठे अडतो ते पाठ आहे". एखादा अडलेला कागद सांगा की.

नाकेबंद

सांगतो. नाका कुठला ते सांगत नाही. एकाच छताखालचा, नवाकोरा.

साबणाचा ट्रेलर, सगळा केनियात बनलेला माल, सोबत उद्गमाचा दाखला. त्यावर केनियाच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. पलीकडच्या देशाचा अधिकारी म्हणाला, ही सही आमच्या फाइलमध्ये नाही. दाखल्यावर सही करायचा अधिकार कुणाकुणाला आहे त्यांच्या सह्यांचे नमुने देश एकमेकांना पाठवतात. आमच्या दाखल्यावर सही करणारे गृहस्थ महिन्याभरापूर्वीच बदलून आले होते, त्यांचा नमुना पलीकडे पोहोचला नव्हता. दाखला नाही तर साबण परका, भरा २५ टक्के.

चार दिवस गाडी उभी. आम्ही नैरोबीला फोन, नैरोबीनं पलीकडच्या राजधानीला पत्र, राजधानीतून नाक्याला ईमेल, ती ज्याच्या नावे गेली तो रजेवर. ड्रायव्हरचे पैसे संपले, त्याला मोबाइलवर पैसे पाठवत होतो.

आणि हे सगळं चालू असताना केनियाचा सीमाशुल्क अधिकारी त्याच दालनात बसलेला होता. मध्ये अर्धी काच. मी मोजली नाहीत, पण बारा पावलं असतील. तिसऱ्या दिवशी मी पलीकडच्या साहेबांना म्हटलं, अहो, ते तिथे बसलेत, त्यांनाच विचारा ना ही सही खरी की खोटी. ते म्हणाले, "मला माहीत आहे खरी आहे. रोज दुपारचं जेवण बरोबर असतं आमचं. पण नमुना यायला हवा."

चौथ्या दिवशी संध्याकाळी नमुना आला. तेव्हा साहेबांच्या प्रिंटरमध्ये शाई नव्हती. ते उठले, काचेला वळसा घालून केनियाच्या टेबलाकडे गेले आणि त्यांच्या प्रिंटरवर छापून घेऊन आले.